पॅनेलची पाठ खरंच किती देते? घरच्या गच्चीवर मोजायची रीत

गुहागरजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. घराला लागून तीन खोल्यांचं निवास-न्याहारी चालवतात. स्लॅबवर ५४५ वॅटची सहा बायफेशियल पॅनेलं आहेत, म्हणजे पुढून-मागून दोन्हीकडून वीज देणारी. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा. विकणाऱ्याने सांगितलं होतं की मागच्या बाजूने २५ टक्के जादा वीज मिळेल. वर्ष झालं, पण शेजारच्या साध्या पॅनेलांपेक्षा काही वेगळं दिसेना. म्हणून त्यांच्या मुलाने बदली म्हणून ठेवलेलं सातवं पॅनेल गच्चीवर आडवं टाकलं आणि वायरमनचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनेलच्या दोन वायरी थेट जोडल्यावर वाहणारा करंट, मोजला. सरळ ठेवून १०.६ अँपिअर आला, उलटं करून ७.४. आता त्यांचे प्रश्न दोन. पाठ ७० टक्केच देते, म्हणजे पॅनेल सदोष आहे का? आणि वर बसवलेल्या पॅनेलांच्या पाठीतून नेमकं किती मिळतंय ते कसं तपासायचं?

ताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पॅनेल ठणठणीत आहे. ५४५ वॅटची ही पॅनेलं बहुतेक पर्क जातीची असतात आणि त्या जातीची पाठ पुढच्या बाजूच्या साधारण ७० टक्केच ताकदीची असते. तिच्या मागच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या रेघा छापलेल्या असतात, त्या थोडा उजेड अडवतात. नव्या टॉपकॉन पॅनेलांत हा आकडा ८० च्या आसपास जातो, हेटेरोजंक्शनमध्ये ८५-९० पर्यंत. डेटाशीटवर, म्हणजे कारखान्याच्या माहितीपत्रकावर, हा आकडा बायफेशियालिटी म्हणून छापलेला असतो, बहुधा पाच टक्के इकडेतिकडे अशी सूट ठेवून. तुमच्या मुलाने गच्चीवर काढलेलं उत्तर कारखान्याच्या आकड्याशी जुळतं. त्याला माझी शाबासकी सांगा.

एक दुरुस्ती मात्र त्याला सांगा. पॅनेल उलटं आडवं ठेवलं की फ्रेमची कड काचेच्या वर उभी राहते. थंडीत आपल्याकडे भर दुपारीही सूर्य डोक्यावरून बराच दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे त्या कडेची सावली एका बाजूच्या सेलांवर पडते आणि आकडा थोडा कमी येतो. पुढच्या वेळी पॅनेल सूर्याकडे सरळ तोंड करून टेकवा, मागे काळं कापड धरा, मोजा. मग पॅनेल फिरवून तसंच मोजा. दोन्ही मोजण्या मिनिटभरात, आकाश तेच असताना.

आता मुद्द्याचं. पाठीची ताकद ही एक गोष्ट आणि पाठीवर पडणारा उजेड ही दुसरी. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. तुमच्या मुलाने पंप तपासला. पाणी किती आहे ते अजून मोजायचं आहे. सौदा करताना नेमकी हीच गल्लत होते.

२५ टक्के हा आकडा येतो कुठून, तेही सांगतो. जवळजवळ प्रत्येक बायफेशियल डेटाशीटवर एक छोटा तक्ता असतो. मागून ५ टक्के मिळाले तर इतके वॅट, १० मिळाले तर इतके, असं करत शेवटच्या ओळीत २५ किंवा ३० टक्के. तो तक्ता म्हणजे ‘इतका उजेड मिळाला तर इतकं’ असं गणित आहे, कुठल्या गच्चीवर किती मिळेल याचं वचन नाही. विक्रीला येणारा माणूस शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो.

आता तो आकडा ताडून पाहू. पुढून १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन पडतंय असं धरा. पाठ ७० टक्के ताकदीची. अशा पाठीतून २५ टक्के जादा काढायचे तर मागून जवळपास ३५७ वॅट प्रति चौरस मीटर उजेड पडायला हवा. एवढा उजेड ताज्या बर्फाच्या मैदानावर, उंच उभारलेल्या पॅनेलला मिळू शकेल. पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत, आयईसी ६१२१५ च्या २०२१ च्या आवृत्तीत, बायफेशियलसाठी जी नेहमीची स्थिती धरली आहे तीत पुढून १००० आणि मागून १३५ आहे. त्या हिशेबाने तुमच्या पॅनेलला साडेनऊ टक्के जादा मिळतील. घरगुती गच्चीवर साधारणपणे त्याहूनही कमी मिळतात, कारण १३५ वॅट पाठीवर पडायला खाली बऱ्यापैकी उजळ जमीन आणि वर मोकळी उंची लागते.

कोकणात खाली काय असतं? मी या पट्ट्यात पॅनेलं तपासत फिरतो तेव्हा आधी खाली बघतो, मग वर. सिमेंटचा नवा स्लॅब पडलेल्या उजेडातला साधारण तीस टक्के परत फेकतो. तोच स्लॅब दोन पावसाळे खाल्ले की शेवाळ वाळून काळा पडतो आणि वीसच्याही खाली येतो. जांभ्याची लाल माती वीसच्या आसपास. हिरवं गवत वीस ते पंचवीस. कातळावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं होतं तेव्हा पाठीला थोडं बरं मिळतं, आणि माघात वणवा लागून कातळ काळा झाला की दहाच्याही खाली. एकाच जागेचे वर्षात तीन रंग. कोरडी पांढरी वाळू तीस-चाळीस टक्के परत देते, ओली झाली की जवळजवळ निम्मी. रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशी नावंच आहेत, वाळूच्या रंगावरून. दोन्हीकडे पॅनेल एक, ऊन एक, पण पाठीचं उत्पन्न एकसारखं येणार नाही. आणि समोर समुद्र आहे म्हणून पाठीला जादा मिळेल असं बरेच जण धरून चालतात, ते चूक. सूर्य वर असताना पाणी दहा टक्केही परत देत नाही. समुद्राची चमक डोळ्यांना दिसते ती तिरप्या किरणांची.

उंचीचंही तसंच. पॅनेल कौलांवर किंवा पत्र्यावर चार-सहा इंचांवर चिकटून बसवलं असेल तर खालचा भाग पॅनेलच्याच सावलीत असतो, आणि सावलीतली जमीन कितीही पांढरी असली तरी परत काय देणार? आपल्याकडे पावसासाठी स्लॅबवर निळ्या-हिरव्या पत्र्याची शेड घालून त्यावर पॅनेलं ठोकायची पद्धत पडली आहे. तिथे मी पाठीतून एक-दोन टक्क्यांच्या पुढे कधी पाहिलं नाही. तुमची पॅनेलं स्लॅबवर स्ट्रक्चर करून दोन फुटांवर आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, स्लॅब काळवंडलेला आहे, आणि खाली वलीवर पाहुण्यांच्या चादरी आणि मे महिन्यात आमसुलं वाळत असतात. यावरून माझा अंदाज चार ते सहा टक्के. पण अंदाज हा अंदाज. मोजू या.

तुमच्याकडे ते सातवं पॅनेल आहे, हे फार चांगलं. एरवी मला उन्हाचा जोर मोजणारं वेगळं यंत्र आणावं लागतं, तुमचं ते पॅनेलच यंत्राचं काम करेल. रीत अशी.

दिवस निवडा मार्गशीर्ष ते माघातला, आकाश धुतल्यासारखं निळं असलेला. मार्चनंतर हवेत दमटपणाची धूसर पांढुरकी येते, मे महिन्यात ढगांचे तुकडे सुटतात, पावसाळ्यात तर हे मोजायच्या भानगडीत पडूच नका. सकाळी अकराच्या सुमाराला सुरू करा आणि खारे वारे सुटायच्या आत आटपा. एकदा वारा धरला की झाकण फडफडायला लागतं आणि आकडा नाचतो.

सातवं पॅनेल वरच्या पॅनेलांइतक्याच तिरक्या उतारावर, त्याच दिशेला तोंड करून ठेवा. त्याची पाठ पूर्ण काळी झाका आणि मोजणी संपेपर्यंत तशीच ठेवा. ते जिन्याच्या खोलीकडे, लांब ठेवा. बसवलेल्या रांगेच्या पुढ्यात ठेवलंत तर त्याची सावली नेमकी त्या जमिनीवर पडेल जिचा उजेड तुम्हाला मोजायचा आहे.

झाकायला काय घ्यायचं? कलिंगडवाले वाफ्यावर घालतात तो मल्चिंग पेपर उत्तम, एका बाजूने चंदेरी आणि एका बाजूने काळा. तो दुहेरी करा आणि उन्हासमोर धरून बघा, आरपार काही दिसता कामा नये. काळी बाजू पॅनेलकडे. हे मी जोर देऊन सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात मालवणकडच्या एका हॉटेलवर मी हाताशी होत्या त्या पांढऱ्या चादरी लावून हीच चाचणी केली होती. पाठीचं उत्पन्न खऱ्याच्या निम्म्याहून कमी दिसलं. मालकाला तसं सांगून मोकळा झालो आणि रात्री झोप लागेना, कारण खाली शुभ्र चायना मोझॅक होतं आणि आकडा पटत नव्हता. दुसऱ्या दिवशी काळा कागद घेऊन परत गेलो तेव्हा कळलं. पांढरी चादर थोडा उजेड आरपार सोडते. शिवाय या पॅनेलांना दोन्हीकडे काच असते, दोन सेलांच्या फटींतून पुढचं ऊन मागे उतरतं, चादरीवर आपटतं आणि परत पाठीवर जातं. म्हणजे मी पाठ झाकली असं समजत होतो आणि प्रत्यक्षात तिला आरसा लावला होता. प्रयोगशाळेत आयईसी ६०९०४-१-२ या पद्धतीने मोजतात तेव्हा झाकलेल्या बाजूला ३ वॅट प्रति चौरस मीटरपेक्षाही कमी उजेड असावा लागतो. गच्चीवर तेवढं जमणार नाही, पण दिशा तीच ठेवायची.

आता विजेचं काम. हे तुमच्या वायरमनकडून करून घ्या, आणि तो सोलरचं काम केलेला असू द्या. सहा पॅनेलांची माळ मिळून ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं. घरातल्या एसीची ठिणगी क्षणात विझते, डीसीची ठिणगी ओढली जाते, जळत राहते, हात भाजते. म्हणून आधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी पाडायचा, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच) पाडायचा, मग क्लॅम्प लावून माळेत करंट शून्य झाला आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि त्यानंतरच पॅनेलांच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर उघडायचा. उलट क्रमाने कधीही नाही. जे एक पॅनेल तपासायचं त्याच्या दोन्ही वायरी सुट्या करून २५ किंवा ३२ अँपिअरच्या डीसी आयसोलेटरला जोडायच्या, असा की स्विच चढवला की दोन वायरी एकमेकींना भिडतील. सातव्या पॅनेलच्या वायरीही तशाच. एका पॅनेलला असं काही मिनिटं शॉर्ट ठेवल्याने त्याला काही होत नाही. पण पूर्ण माळ अशी शॉर्ट करून मोजू नका, आणि स्विचशिवाय कनेक्टर भिडवू किंवा सोडवू नका. साधा मल्टिमीटर मध्ये घालून मोजायचाही मोह टाळा. त्याची मर्यादा बहुतेक १० अँपिअरची, तीही काही सेकंदांपुरती, आणि तुमचं पॅनेल चांगल्या उन्हात १२-१३ अँपिअर देतं.

क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, आणि शक्य तर ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवणारा. आपण शोधतोय तो फरक अर्ध्या-पाऊण अँपिअरचा आहे. दर मोजणीआधी तो वायरीवरून काढून शून्यावर आणा, कारण डीसी क्लॅम्पचं शून्य उन्हात सरकतं. दोन मीटर मिळाले तर एक सातव्या पॅनेलवर आणि एक तपासणीच्या पॅनेलवर, म्हणजे दोन्ही आकडे एकाच क्षणी वाचता येतील.

मग पाठ उघडी ठेवून दोन्ही आकडे लिहा. कपड्यांच्या चिमट्यांनी मल्चिंग पेपर फ्रेमच्या कडेला लावा, दोन्ही आकडे लिहा. काढा, लिहा. परत लावा, लिहा. उघडं-झाकलं-उघडं-झाकलं असं चार-पाच वेळा. सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं.

हिशेब एका उदाहरणाने दाखवतो. समजा पाठ उघडी असताना तपासणीचं पॅनेल ११.९८ अँपिअर आणि त्याच क्षणी सातवं ११.२०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.०७० येतं. पाठ झाकल्यावर तपासणीचं ११.१४ आणि सातवं ११.१८, भागाकार ०.९९६. आता १.०७० ला ०.९९६ ने भागा. १.०७४, म्हणजे पाठीतून सात टक्क्यांच्या थोडं वर. सातव्या पॅनेलने भागल्यामुळे मधल्या काळात ऊन किंचित चढलं-उतरलं तरी बिघडत नाही, आणि दोन पॅनेलांत मुळातच असलेला बारीक फरकही दुसऱ्या भागाकारात निघून जातो.

करंटच का, इन्व्हर्टरच्या ॲपवरचे वॅट का नाहीत, असं तुमचा मुलगा विचारेल. कारण पाठ झाकली की पॅनेलच्या मागचा वारा बंद होतो आणि ते तापतं. दहा अंश तापलं तर त्याची पॉवर साडेतीन टक्क्यांनी पडते, करंट मात्र जेमतेम अर्धा टक्का हलतो, तोही वर. वॅट बघणारा माणूस तापल्यामुळे झालेली घटसुद्धा पाठीच्या खात्यावर जमा करतो आणि खूश होतो. असे दुप्पट फुगलेले आकडे मी कागदावर पाहिले आहेत. म्हणून करंट, आणि तोही झाकल्यापासून तीन-चार मिनिटांच्या आत.

एक पॅनेल मोजून थांबू नका. रांगेच्या टोकाचं एक आणि मधलं एक मोजा. टोकाच्या पॅनेलला बाजूने मोकळा उजेड मिळतो, मधल्याला शेजाऱ्यांच्या सावलीतली जमीन दिसते. माळेत सगळ्यांतून करंट एकच वाहतो आणि तो जवळजवळ सर्वांत कमी देणाऱ्याच्या मर्जीने ठरतो, त्यामुळे तुमच्या बिलाला मधल्याचा आकडा लागू, टोकाचा नाही. दाखवायला मात्र नेहमी टोकाचंच पॅनेल मोजून दाखवतात. खाली वाकून हेही बघा की स्ट्रक्चरची पट्टी सेलांच्या मागून गेली आहे की फ्रेमच्या कडेने. सेलांच्या अगदी मागून लोखंडी पट्टी गेली असेल तर तेवढ्या सेलांना पाठ असून नसल्यासारखी.

आणि मोजताना पांढरा शर्ट घालून पॅनेलखाली उभं राहू नका. त्या शर्टाचा उजेडही पाठ खाते. वलीवरच्या चादरी तेवढ्यापुरत्या काढा, किंवा त्या नेहमीच तिथे असतात म्हणून तशाच ठेवा, पण दोन्ही वेळा सारखं ठेवा.

उजेड मोजायचं छोटं सोलर मीटर कुणाकडे मिळालं तर त्याचं तोंड खाली करून, पॅनेलच्या पाठीला समांतर धरून, आठ-नऊ ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. तिला ०.७० ने गुणून पुढच्या उन्हाने भागलं की वरच्या चाचणीच्या जवळ जाणारा आकडा मिळायला हवा. मागून सरासरी ६० आणि पुढून ९०० असेल तर ४२ भागिले ९००, म्हणजे पावणेपाच टक्के. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका. ती माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, सेल लालच्या पलीकडचा उजेडही खातो.

आता कोकणातलीच खास गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त सतावते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो पॅनेलचं तोंड धुऊन काढतो. पाठ कोण धुणार? पाऊस पाठीला शिवतही नाही, खारा वारा मात्र आठ महिने तिथे जाऊन बसतो. मागच्या हिवाळ्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरी पॅनेलखाली आडवा पडून मी काचेवर बोट फिरवलं. बोटाला करडी-पांढरी पूड आली, जिभेला लावली तर खारट. काचेवर बोटाची स्वच्छ रेघ उमटली आणि रेघेतून वरचं आकाश निळं दिसलं, बाजूला सगळं दुधाळ. फ्रेमच्या कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी, आणि चार पॅनेलांना मिळून कुंभारमाशीची मातीची सात घरं, त्यांतली दोन बरोबर सेलांच्या मध्यावर. बसवल्यापासून तिथे कुणाचा हात लागला नव्हता. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्याने पाठ पुसली, मातीची घरं भिजवून अलगद सोडवली, खरवडली नाहीत. पुसण्याआधी आणि नंतर वरचीच चाचणी केली आणि फरक मीटरवर दिसला.

तुम्हीही तेच करा. आधी जशी आहे तशी पाठ मोजा, मग पुसा, मग परत मोजा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, वाळल्यावर तेच मीठ मागे राहतं. हे काम सकाळी लवकर, इन्व्हर्टर बंद करून, कनेक्टरांवर पाणी न उडवता. वर्षातून दोनदा पुरे, एकदा दसऱ्याच्या साफसफाईत आणि एकदा होळीनंतर.

शेजाऱ्यांशी तुलना सोडून द्या. पॅनेलवर छापलेले ५४५ वॅट हे फक्त पुढच्या बाजूचे असतात. पुढून तुमची आणि त्यांची पॅनेलं सारखीच, फरक असेल तो पाठीच्या पाच-सहा टक्क्यांचा. त्यांच्या माडाची सावली, त्यांचा उतार, तुमच्या पाहुण्यांचे गिझर, यांतून बिलात त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. ॲपमधला दुपारचा आलेख मात्र एकदा बघा. तुमचा इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा आणि पॅनेलं ३.२७ ची. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर हवा स्वच्छ असते, अशा एखाद्या वारं असलेल्या दिवशी आलेखाचा माथा ३ किलोवॅटला सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला, तर तेवढा वेळ पाठीचं उत्पन्न तयार होऊनही वाया जातंय. तुमच्याकडे असे तास थोडेच असतील.

आता वाढवायचं कसं. सर्वांत स्वस्त उपाय स्लॅब पांढरा करणं. ताजा पांढरा थर सत्तर-ऐंशी टक्के उजेड परत फेकतो. पण वैशाखात लावलेला साधा चुना मृगाच्या पहिल्या सरींत पन्हाळीतून अंगणात येतो. तो लावायचा तर दिवाळीच्या आधी लावा आणि दरवर्षी लावायची तयारी ठेवा. टिकाऊ हवं असेल तर पांढरं वॉटरप्रूफिंग कोटिंग किंवा चायना मोझॅक, तेही पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढलं तरच पांढरं राहतं. थर फक्त पॅनेलांखाली न देता पुढे-मागे दोन-तीन फूट जास्त द्या, कारण पॅनेलच्या अगदी खालची जमीन सावलीतच असते, पाठीला उजेड येतो तो कडेच्या उन्हातल्या जमिनीवरून. मे महिन्यात तर सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि सावली बरोबर पॅनेलाखाली गोळा होते, तेव्हा ही कडेची पट्टीच कामाला येते.

पैशांचा हिशेब करून बघा. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर तुमची यंत्रणा दिवसाला तेरा युनिट देते. त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला ४७-४८ युनिट. पांढऱ्या रंगाने तुमचे तीन-चार टक्के वाढले तर वर्षाला दीडशे ते दोनशे युनिट. एवढ्यासाठी खास मोझॅक घालावं असं मी म्हणणार नाही. पण स्लॅब गळतोय आणि वॉटरप्रूफिंग करायचंच आहे, तर ते पांढरंच करा. खालच्या खोल्याही थंड राहतील, आणि तुमच्या पाहुण्यांना वीजबिलापेक्षा तेच जास्त जाणवेल.

स्ट्रक्चर उंच करा असं कुणी सुचवेल. दोन फुटांवरून तीन-सव्वातीन फुटांवर नेलं तर पाठीला थोडं वाढतं हे खरं, त्यापुढे वाढ मंदावते. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. उंचावलेलं पॅनेल वादळात शिडासारखं वारा धरतं आणि सगळा ओढा स्लॅबमधल्या बोल्टांवर येतो. एक-दोन टक्क्यांसाठी मी कुणाच्या डोक्यावर ते शीड उभारणार नाही. तुमचं आहे त्या उंचीवर राहू द्या, त्याऐवजी पायांचे बोल्ट गंजले आहेत का ते याच खेपेला वायरमनकडून बघून घ्या.

विकणाऱ्याशी बोलायचं असेल तर ‘पॅनेल खराब आहे’ असं म्हणून जाऊ नका, तिथे तुम्ही हराल, कारण ते खराब नाही. त्याच्याकडे दोन गोष्टी मागा. एक, या पॅनेलांच्या क्रमांकांचा कारखान्यातला फ्लॅश टेस्टचा कागद, म्हणजे दिव्याच्या झोतात प्रत्येक पॅनेलची ताकद मोजल्याची नोंद. दुसरी, २५ टक्के कुठल्या जमिनीवर, किती उंचीवर धरले होते ते लेखी. आणि तुमच्या गच्चीवरचे आकडे त्याच्यासमोर ठेवा: तारीख, वेळ, टोकाचं पॅनेल, मधलं पॅनेल, पुसण्याआधी, पुसल्यानंतर. ते मलाही पाठवा, सोबत पॅनेलखालून काढलेला स्लॅबचा एक फोटो. फोटो भर दुपारचा असावा, म्हणजे सावली कुठपर्यंत पडते ते दिसेल आणि पांढरा थर कुठून कुठपर्यंत द्यायचा ते मी त्यावरच आखून देईन.